आरोग्याचा संदेश कोणाकडून आला?

औषधाच्या दुकानात उभ्या असणाऱ्या माणसाला हल्ली डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर समोरच्याचा मोबाइलही वाचावा लागतो. चिठ्ठीवरच्या तीन औषधांपैकी दोनच द्या, तिसऱ्याने किडनी जाते असे ग्रुपवर आले आहे, असे सांगणारी माणसे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या मेडिकलमध्ये नेहमी येतात. फार्मसीचे शिक्षण संपवून मी काउंटरवर उभी राहिले त्या काळात असा प्रश्न क्वचित येई. आता तो रोजच्या कामाचाच भाग झाला आहे. म्हणूनच लोक इंटरनेटवरची आरोग्यविषयक माहिती कशी शोधतात, त्यातल्या कशावर विश्वास ठेवतात आणि का ठेवतात, यावर झालेले संशोधन मी जमेल तसे वाचत आले आहे. त्या वाचनातून आणि काउंटरवरच्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. माहिती खरी की खोटी यावर आपण पुष्कळ बोलतो. पण ती कोणी आणून दिली, आणि ती मिळाल्यावर माणूस कोणाशी बोलला, याकडे पुरेसे पाहत नाही.

हे संशोधन सुरू झाले तेव्हा सगळा भर माहितीच्या दर्जावर होता, आणि ते स्वाभाविकही होते. १९९७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी, लहान मुलाला ताप आला असता घरी काय करावे हे सांगणारी ४१ वेबपाने तपासली. तो अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. मान्य वैद्यकीय सूचनांशी नीट जुळणारी पाने निघाली अवघी चार. पुढे दर्जाचे शिक्के आणि तपासणीच्या प्रश्नावल्या आल्या. जिनिव्हाच्या ‘हेल्थ ऑन द नेट’ या संस्थेने १९९६ पासून आपली आचारसंहिता पाळणाऱ्या संकेतस्थळांना चिन्ह द्यायला सुरुवात केली, तर ऑक्सफर्डमध्ये ‘डिसर्न’ नावाची १६ प्रश्नांची कसोटी तयार झाली. ही सगळी कामे कळकळीने केलेली होती, पण वाचणारा माणूस असे चिन्ह शोधील आणि ते पाहून विश्वास ठेवील, हे त्यांमागे गृहीत धरलेले होते. जिनिव्हाची ती संस्था २०२२ च्या अखेरीस बंद झाली.

ते गृहीतक किती डळमळीत होते हे २००२ मध्येच दिसून आले होते. हायडेलबर्ग विद्यापीठातील गुंथर आयझेनबाख आणि क्रिस्टियन कोलर यांनी सामान्य माणसांना संगणकासमोर बसवून आरोग्याचे ठरावीक प्रश्न दिले आणि ती माणसे उत्तरे कशी शोधतात हे शेजारी बसून पाहिले. आधीच्या चर्चेत लोकांनी सांगितले होते की आम्ही माहितीचा स्रोत पाहतो, ती अधिकृत आहे का हे पाहतो. प्रत्यक्षात, संकेतस्थळ कोण चालवते हे सांगणारे पान एकानेही उघडले नाही, आणि नंतर विचारले तेव्हा ही माहिती कोणत्या संकेतस्थळावर मिळाली हे फार थोड्यांना आठवले. तरीही उत्तर मिळवण्यात बहुतेक जण यशस्वी झाले होते. सरासरी पावणेसहा मिनिटांत. म्हणजे माणसे अडाणीपणाने वागत नव्हती. त्यांची पद्धत संशोधकांनी कल्पिलेल्या पद्धतीहून वेगळी होती, इतकेच. अमेरिकेतल्या ‘प्यू’ या संस्थेच्या २००६ च्या पाहणीतही हेच चित्र दिसते. आरोग्याची माहिती शोधणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक माहितीचा स्रोत आणि तारीख अधूनमधूनच पाहत होते, किंवा पाहतच नव्हते.

मला याहून अधिक शिकवले ते इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठाच्या एका कामाने. एलिझाबेथ सिलेन्स, पॅम ब्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रजोनिवृत्तीच्या टप्प्यावरच्या स्त्रियांना हार्मोनच्या उपचारांविषयी माहिती शोधायला सांगितली आणि विश्वास एका झटक्यात बसत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी बसतो, असे दाखवले. पहिल्या काही क्षणांत स्त्रिया बरीच संकेतस्थळे नाकारत, आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा मांडणीचे असे: गिचमिड पान, जाहिराती, सापडत नसलेला मजकूर. एखाद्या ठिकाणी थांबल्यानंतर मात्र त्यांचा कल मजकुरावरून ठरे, आणि त्यातही आपल्यासारख्याच बाईने आपल्याच अडचणीविषयी लिहिलेले असेल तर त्याला विशेष वजन मिळे. आपल्यासारखे कोणी तरी हवे, ही ओढ परदेशातल्या प्रयोगशाळेतही लपली नाही.

कोल्हापुरात तर ही ओढ अधिकच ठळक दिसते, कारण येथे बहुतेकांना संकेतस्थळ निवडावेच लागत नाही. माहिती स्वतःहून घरी येते. तालमीच्या ग्रुपवर येते, भिशीच्या येते, माहेरच्या भाऊबंदांच्या येते, शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या येते, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यासोबत एक ओळखीचा चेहरा असतो. ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी’च्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत भारतातल्या सुमारे ३३ टक्के स्त्रियांनीच कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. त्यानंतर फोन पुष्कळ घरांत पोहोचले, तरी घरातल्या थोरल्या बाईपर्यंत आरोग्याचा मजकूर बहुधा दुसऱ्या कोणी वाचून दाखवलेला, ऐकवलेला किंवा पाठवलेला असतो. ‘हे कोणी सांगितले?’ असे मी विचारते तेव्हा उत्तरात संकेतस्थळाचे नाव जवळजवळ कधीच येत नाही. ‘आमच्या मामांनी धाडलंय’, ‘बँकेत साहेब होते न्हवं, त्यांनी टाकलंय’ अशी उत्तरे येतात. ते मामा खरोखरच जबाबदार गृहस्थ असतात, घरातल्या आजारपणात रात्री-अपरात्री रिक्षा घेऊन आलेले असतात. त्या आयुष्यभराच्या विश्वासावर तो संदेश आत येतो. त्यामुळे ‘लोक वाटेल त्यावर विश्वास ठेवतात’ हे सुशिक्षितांच्या तोंडून वारंवार येणारे वाक्य मला मुळातच अन्यायाचे वाटते. लोक आपल्या माणसावर विश्वास ठेवत असतात, आणि तसा विश्वास ठेवण्याची सवय त्यांना एरवी उपयोगीच पडलेली असते.

या ठिकाणी एक जुना प्रयोग सांगितला पाहिजे. १९५१ मध्ये येल विद्यापीठातील कार्ल हॉवलंड आणि वॉल्टर वाइस यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना तेच लेख वाचायला दिले, फक्त काहींच्या लेखाखाली विश्वासार्ह स्रोताचे नाव होते आणि काहींच्या लेखाखाली अविश्वसनीय. लेखांतला एक विषय योगायोगाने माझ्याच धंद्याचा होता: अँटिहिस्टामिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीवरची, औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जावीत का? वाचल्यावाचल्या अर्थातच विश्वासार्ह नावाच्या लेखांनी अधिक मते बदलली. चार आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हा तो फरक जवळजवळ मावळला होता. मजकूर डोक्यात उरला होता, पण तो कोणाचा होता हे त्याच्याशी जोडलेले राहिले नव्हते. ‘कुठं तरी वाचलं होतं’ असे म्हणत जे ग्राहक काउंटरशी थांबतात, त्यांच्याबाबतीत हेच घडलेले असते. एखादा मजकूर पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनीही तो हसून बाजूला टाकलेला असतो. महिन्या-दोन महिन्यांनी, घरात कोणी आजारी पडले की तोच मजकूर कसलीही खूण न राखता, स्वतःच्याच माहितीसारखा वर येतो. एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांनी दाखवून दिलेले आहेच, आणि चार ग्रुपांवर एकच संदेश येण्याने नेमके तेच होते.

यातून नुकसान कसे होते हे डेंग्यूच्या काळात सर्वांत स्पष्ट दिसते. पावसाळा सरत आला की ‘वहिनी, पोराच्या पेशी कमी झाल्यात, पपईच्या पानांच्या गोळ्या हाईत का?’ ही मागणी सुरू होते. गोळ्या नसल्या तर पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, काहीही. या मागणीमागे जो संदेश असतो तो पूर्णपणे खोटा नसतो, ही गोष्ट मुद्दाम नोंदवते. पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या या पेशींची, संख्या थोडी लवकर वाढल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. त्याने गंभीर आजार किंवा मृत्यू टळतो हे मात्र सिद्ध झालेले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या आजारात प्लेटलेट काही दिवस घटतात आणि रुग्ण सावरू लागला की आपल्या आपण वाढतात. घाबरलेले कुटुंब रस पाजायला सुरुवात करते ते आकडा तळाला गेल्यावर. मग दोन दिवसांनी आकडा चढतो आणि श्रेय रसाला मिळते. ज्या घरात असे घडले त्या घराचा अनुभव खराच असतो, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या घरात ताप आला की ते कुटुंब अगदी प्रामाणिकपणे तोच संदेश, आता स्वतःची साक्ष जोडून, पुढे पाठवते.

धोका रसात फारसा नसतो. धोका असतो तो संदेशात जे नसते त्यात. डेंग्यूचा कठीण काळ बहुधा ताप उतरताना, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतो. पोटात जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, रुग्ण सुस्त किंवा अस्वस्थ होणे ही लक्षणे दिसली तर पेशींचा आकडा काहीही असो, ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते, कारण त्या वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपत असतो आणि रक्तदाब अचानक कोसळू शकतो. ताप उतरला म्हणून घर निर्धास्त होते तीच ही वेळ. शिवाय तापासाठी पॅरासिटामॉल चालते, पण अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी दुखण्यावरची औषधे टाळायची असतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांचे संदेश मी आजवर पुष्कळ वाचले. त्यांत या गोष्टी लिहिलेल्या मला आढळल्या नाहीत. म्हणून पपईची गोळी मागणाऱ्याला मी आधी ती लक्षणे सांगते, घरात डोके-अंग दुखण्यावर कोणती गोळी चालू आहे ते विचारते, आणि गोळीचा वाद नंतर घालते. कित्येकदा घालतही नाही.

असे संदेश का पसरतात याचे एक कारण मला काउंटरवर उमगले. डेंग्यूच्या बहुतेक रुग्णांना डॉक्टर जे सांगतात ते असे असते: पाणी, ओआरएस भरपूर द्या, लक्ष ठेवा, रक्त तपासत राहा. वैद्यकीयदृष्ट्या हेच योग्य असते, पण काळजीने पोखरलेल्या आईला त्यात ‘काही केले’ असे वाटत नाही. संदेश तिला काम देतो: पाने आण, वाट, गाळ, दोन चमचे पाज. त्यामुळे नुसते ‘हे खोटे आहे’ म्हणणारा माणूस तिच्या हातातले काम काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. मी अशा आईला लघवी किती वेळा झाली आणि द्रवपदार्थ किती पोटात गेले हे वहीत लिहायला सांगते. ती नोंद डॉक्टरांच्याही उपयोगी पडते.

मधुमेहाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. कोणते तरी पान, बी किंवा चूर्ण घेतल्याने साखर कायमची जाते असे सांगणारे व्हिडिओ पाहून गोळ्या बंद करणारे लोक दरमहा औषध न्यायला आले नाहीत की आम्हाला कळतात. मधुमेह, मुतखडा अशा आजारांवर हमखास उपायाची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण भाचा मावशीला जे पाठवतो ती जाहिरात ठरत नाही आणि कायद्याचा हात तेथवर पोहोचत नाही.

मग दुरुस्ती कशी करावी? याबाबतचे पुरावे उत्साह वाढवणारे नाहीत, पण निराश करणारेही नाहीत. अमेरिकेत २०१४ मध्ये ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी पालकांना गोवराच्या लसीविषयीचे गैरसमज खोडणारी माहिती दिली. लसीने ऑटिझम होतो हा समज त्याने कमी झाला, तरी ज्यांचे मत आधीच प्रतिकूल होते त्यांची लस देण्याची इच्छा उलट घटली. असा उलटा परिणाम सर्रास होत नाही असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. परंतु समज बदलला म्हणजे वागणे बदलतेच असे नाही, हा धडा शिल्लक राहतोच. भारतात सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९ मध्ये बिहारमधल्या १,२०० हून अधिक लोकांच्या घरी जाऊन केलेल्या प्रयोगात, खोट्या बातम्या ओळखायला शिकवणाऱ्या तासाभराच्या एका भेटीचा एकूण परिणाम दिसला नाही. त्याच राज्यात पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८३ गावांतल्या १३,५०० हून अधिक शाळकरी मुलांसोबत कित्येक आठवडे चालणारा अभ्यासक्रम राबवला, त्यात आरोग्याविषयीच्या चुकीच्या माहितीवर भर होता. या वेळी परिणाम दिसला, काही महिने टिकला, आणि मुलांकडून तो पालकांपर्यंतही पोहोचला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण घरातला मुलगा किंवा मुलगीच फोन हाताळते आणि आजीला वाचूनही तीच दाखवते.

ओळखीच्या चेहऱ्याचे बळ चांगल्या कामालाही लावता येते. २०२० मध्ये पश्चिम बंगालमध्ये अभिजित बॅनर्जी यांच्या कोविडविषयक छोट्या चित्रफितींचे दुवे सुमारे अडीच कोटी लोकांच्या फोनवर पाठवण्यात आले. नोबेल मिळालेला आपल्याच प्रांताचा माणूस आपल्याच भाषेत बोलत होता. ज्या भागांत हे दुवे गेले तेथे लक्षणे आरोग्यसेविकांना कळवण्याचे प्रमाण सुमारे दुपटीने वाढले, आणि ज्यांना दुवा मिळाला नव्हता त्या शेजाऱ्यांच्या वागण्यातही फरक दिसला.

आता मला ज्या मुद्द्याची सर्वाधिक काळजी आहे त्याकडे येते. ‘जर्नल ऑफ मेडिकल इंटरनेट रिसर्च’मध्ये २०१७ साली शेरॉन टॅन आणि नादी गुनवर्धने यांनी १८ अभ्यासांचा आढावा घेतला. इंटरनेटवर वाचण्याने डॉक्टर आणि रुग्ण यांचे नाते बिघडतेच असे त्यांना आढळले नाही. रुग्णाने वाचलेले डॉक्टरांसमोर मांडले आणि डॉक्टरांनी ते ऐकून घेतले तर नाते सुधारते. पण पुष्कळ रुग्ण ते मांडतच नाहीत, कारण डॉक्टरांना राग येईल, अपमान वाटेल, अशी त्यांना भीती असते. ‘डॉक्टरांना सांगितलंत का?’ या माझ्या प्रश्नावर आपल्याकडची माणसे जीभ चावतात ती याच भीतीने. आणि सांगायला वेळ तरी कुठे असतो? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या एका आढाव्यात स्वीडनमध्ये प्राथमिक डॉक्टरांची एक भेट २२ मिनिटांहून अधिक चालत असल्याचे नोंदवले आहे, भारतात ती सुमारे दोन मिनिटांची. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, बाह्यरुग्ण विभागात सकाळी जी रांग असते, जिल्ह्यातून, कोकणातून, सीमाभागातून आलेली, ती पाहिली की तेथल्या डॉक्टरांना दोष देण्याचे मनातही येत नाही. पण दोन मिनिटांत न विचारलेला प्रश्न रुग्ण घरी नेतो आणि रात्री फोनला विचारतो, हे सत्य त्याने बदलत नाही.

फोनही आता नुसती पाने दाखवत नाही, तो उत्तरे देतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या एका प्रयोगात १,२९८ लोकांना आजाराचे काल्पनिक प्रसंग देऊन, काय झाले असावे आणि कोठे जावे हे ठरवायला सांगितले. संभाषण करणाऱ्या संगणकप्रणालींना (चॅटबॉटना) तोच प्रसंग पूर्ण लिहून दिला तेव्हा त्यांनी जवळजवळ ९५ टक्के वेळा संबंधित आजार ओळखला. माणसे त्याच प्रणालींशी बोलून निर्णय घेऊ लागली तेव्हा हे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आले. लोकांनी महत्त्वाची लक्षणे सांगितलीच नाहीत, किंवा मिळालेल्या उत्तरातले नेमके काय घ्यावे हे त्यांना उमगले नाही. अनुभवी डॉक्टर ‘आणखी काही?’ असे दोनदा विचारतो तो याचसाठी.

राजारामपुरीतले एक फिजिशियन रुग्णाला नाडी पाहता पाहताच विचारतात, ‘मोबाइलवर काय वाचलंय, घरात काय सुरू केलंय, सांगा बघू.’ त्यांच्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांवर औषधांच्या खाली कधी कधी ‘अमुक काढा बंद’ किंवा ‘मेथीचे पाणी चालेल’ अशी ओळ असते. ती ओळ मी ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवते, आणि सोबत जो कोणी आला असेल, विशेषतः तरुण मुलगा किंवा सून, त्याला तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायला सांगते. आमच्या भागातल्या इतर औषधविक्रेत्यांनी आणि डॉक्टरांनीही ही एक ओळ लिहावी आणि वाचून दाखवावी, असा प्रस्ताव मी आमच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. काउंटरवर ठेवण्यासाठी कागदांचा एक पॅडही करून घेतला आहे. प्रत्येक कागदावर तीनच प्रश्न छापले आहेत: काय वाचले, कोणी पाठवले, डॉक्टरांना काय विचारायचे आहे. ग्राहक एक कागद भरून चिठ्ठीच्या पिशवीत ठेवतात आणि पुढच्या भेटीला घेऊन जातात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून देते.